तीर्थ आणि तीर्थरूप

दारू गाळतात, बिअर आंबवतात. हा भेद आम्ही आमच्या तीर्थरूपांना समजावू पाहिला, तो ह्यूस्टनमधील आमच्या गॅरेजात, ऑगस्टातल्या एका भाजून काढणाऱ्या दुपारी. जन्मात थेंबाला न शिवलेल्या माणसापुढे असा शब्दच्छल किती केविलवाणा दिसतो! १९७८ साली संमत झालेल्या कायद्याने अमेरिकेत घरगुती बिअरला केंद्रीय मुभा मिळाली, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन चालतात, हेही सांगून पाहिले. अण्णा एवढेच म्हणाले, "कायदा कुणी विचारला?" आणि आत निघून गेले. त्यानंतर कित्येक दिवस गॅरेजाचा विषय घरात निघाला नाही.

वास्तविक आमचा पहिला घाणा ते येण्यापूर्वीच फसला होता. 'एल' जातीच्या बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २० अंश सेल्सिअसला सुखाने नांदते. फार ऊब मिळाली की उग्र, जड अल्कोहोले निर्माण करते. आमच्या बिअरला रंगाच्या दुकानासारखा दर्प होता. म्हणून जुना फ्रिज आणला. परंतु फ्रिजचा जन्म दूधभाजी राखण्यासाठी. १८ अंशांवर थांबणे त्याच्या स्वतःच्या बटणाला जमत नाही. तेव्हा बाहेरून एक नियंत्रक जोडावा लागतो. भिंतीतली वीज त्या डबीत, डबीतून फ्रिजला. तापमान मोजणारी तार दाराच्या फटीतून आत. फ्रिजचे बटण अतिथंडावर ठेवून द्यायचे आणि वीज केव्हा द्यायची, केव्हा तोडायची हे डबीने ठरवायचे. कॉम्प्रेसरला लागलीच पुन्हा चालू व्हायला लागू नये म्हणून ती मध्ये काही मिनिटांची विश्रांतीही देते. (कार्ल फॉन लिंडे यांनी १८७० च्या दशकात शीतयंत्रे सिद्ध केली ती म्युनिकच्या बिअर कारखान्यांच्या आश्रयाने. तेव्हा आमचा फ्रिज एका अर्थी माहेरीच आला होता.)

दुसरा घाणाही बिघडला. डबीवर १९ चा आकडा अढळ असूनही तोच दर्प. आम्ही यीस्टला दोष दिला, पाण्याला दिला. तिसरा घाणा लावला.

अण्णांची एकतीस वर्षे सातारा जिल्ह्यातल्या एका दूध शीतकरण केंद्रात गेली. तिसऱ्या घाण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन गॅरेजात आले, फ्रिज उघडला.

"ही तार अशी का लोंबतेय?"

"आतलं तापमान मोजायला, अण्णा."

"आतलं म्हणजे कुणाचं? हवेचं? आजाऱ्याच्या खोलीचा ताप बघून त्याला औषध देतोस काय?"

आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडते. भोवतालची हवा गार असली तरी पिंपातला ऐवज कितीतरी गरम असू शकतो. हे आम्ही वाचले होते. वाचणे आणि कळणे यांतले अंतर आम्हाला अपरिचित असण्याचे कारण नाही. पुण्यात असताना कवितेभोवतीचा कालखंड मोजून कविता समजली असे आम्ही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत.

अण्णांनी तारेचे टोक पिंपाच्या अंगाला चिकटपट्टीने लावले, वर स्पंजाचा तुकडा घट्ट दाबला, हवा लागू नये म्हणून. थोड्या वेळाने १९ चे २३ झाले. कॉम्प्रेसर घरघरला.

पुढे रोज दोनदा ते आकडा टिपू लागले. वहीतल्या रकान्याला त्यांनी 'बिअर' म्हटले नाही; 'माल' लिहिले. बाटल्या भरायच्या दिवशी झाकणाशी नाक नेऊन, दूध पारखावे तसा वास घेतला. "आता सरळ आहे," म्हणाले, आणि फिरायला निघून गेले. चव त्यांनी घेतली नाही; आम्हीही आग्रह केला नाही.

ते परत गेले तेव्हा चौथा घाणा फ्रिजमध्ये होता. पुढल्या वर्षी ते गेले. वही गॅरेजातच आहे. शेवटची नोंद त्यांच्या निघण्याच्या दिवसाची: सकाळ, १८.५. शेजारी संध्याकाळचा रकाना पट्टीने आखून ठेवलेला आहे.