काळ्या मातीवर गॅरेज

घरी गॅरेज बांधतोय असं ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "गाडी कोणती?" पुलगावात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "जमीन कोणती?" माझ्या मते दुसरा प्रश्न जास्त शहाणपणाचा आहे. तरीपण गाडीचं आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढे वाचणार नाही.

प्रीमियर पद्मिनी, मॉडेल १९९३, आजोबांची. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली, आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे बाकड्यासारखी सलग सीट. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तुम्ही कधीतरी बसला असाल. त्या टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेल्या. आमची मात्र आजोबा गेल्यापासून अंगणातल्या कडुनिंबाखाली उभी होती. दरवर्षी दिवाळीत तिच्यावरचा पाला झाडायचा, टायर किती बसले ते बघायचं आणि "हिचं काय करायचं?" हा प्रश्न पुढच्या दिवाळीवर ढकलायचा. बाबांचं उत्तर ठरलेलं, भंगारात.

मी नागपूरला नोकरीला आहे. पाच दिवस स्क्रीनसमोर. शुक्रवारी रात्री गाडी पकडली की शंभर-एकशेदहा किलोमीटरवर पुलगाव. म्हणजे हातात आठवड्याचे फार तर दोन दिवस. एवढ्या वेळात गाडी कुणाच्या तरी गॅरेजला टाकून तिच्या मागे फिरण्यात अर्थ नव्हता. शनिवारी जिथे पाना ठेवला तिथेच तो पुढच्या शनिवारी सापडला पाहिजे, एवढी साधी गरज. म्हणून घरचं गॅरेज.

तर जमीन. विदर्भातल्या लोकांना हे सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी.. आमच्याकडची काळी माती कापसाला सोनं आणि बांधकामाला वैरी. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात शेतात भेगा पडतात त्या याच्यामुळे. गंमत म्हणजे जड इमारतीपेक्षा हलक्या बांधकामाला हिचा त्रास जास्त. जड इमारत मातीला दाबून धरते. टिनाचं शेड, पायऱ्या, कंपाउंडची भिंत, फरशी यांना माती सरळ उचलते, आणि तेही सगळीकडे सारखं नाही.

आता फरशी एका बाजूने थोडी उचलली तर बिघडलं काय? पार्किंगला काही नाही. पण मला गाडीखाली झोपायचं होतं! पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास. चार जॅक स्टँडवर उचलली तर एकेकावर सव्वादोनशे किलो. कोब्याला हे ओझं किरकोळ आहे. खरा धोका कलण्याचा. तिरप्या जमिनीवर स्टँड सरकतो, आणि खाली जो असेल त्याला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. त्यात या गाडीला वेगळी चॅसिस नाही, सगळा भार बॉडीच घेते. दाराखालचा पत्रा गंजलेला असेल तर आधार कुठे द्यायचा हाही प्रश्नच. त्यामुळे माझ्या हिशेबात गॅरेज म्हणजे आधी एक सपाट फरशी होती. बाकी भिंती, कपाटं, हत्यारांचे फळे (यूट्यूबवर असतात तसे, प्रत्येक पान्याची आकृती काढलेले) ही सगळी सजावट.

मी ड्रॉइंग काढलं होतं. बारा बाय वीस फूट, खाली वाळूचा थर, वर काँक्रीट. मिस्त्रींनी ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "रेती काहून टाकता भाऊ? रेतीतून पानी सरकन खाली जाते. खाली काळी जमीन हाये, ते पानी पेली का फुगते. मुरूम टाका. तीन फूट."

तीन फूट! मला वाटलं खर्च वाढवतायत. रात्री वाचत बसलो तर आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी सापडले. काळ्या मातीतल्या कालव्यांची अस्तरं उखडायची, त्यावर त्यांनी अनेक वर्षं संशोधन केलं. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण थोड्या चिकट मातीचा थर ठोकून बसवला तर खालचं फुगणं आटोक्यात येतं, आणि त्या थराची जाडी साधारण एक मीटर लागते, असा निष्कर्ष. कोहेसिव्ह नॉन-स्वेलिंग, म्हणजे सीएनएस लेयर. नुसत्या वाळूला हा चिकटपणा नसतो म्हणून ती चालत नाही. एक मीटर म्हणजे तीन फूट आणि वर थोडं. चिकट मुरूम म्हणजे तेच. मिस्त्रींनी कट्टींचं नावही ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग बराबर सांगतलं ना साहेबानं," आणि चुना टाकायला लागले.

हिशेब असा. बारा गुणिले वीस गुणिले तीन म्हणजे ७२० घनफूट, सात ब्रासच्या वर. धुम्मसने ठोकल्यावर मुरूम बसतो म्हणून नऊ ब्रास आणला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने. एप्रिलचे दिवस, माती पार कोरडी. तशीच झाकून टाकली असती तर पावसाळ्यात सगळं फुगणं एकदम आलं असतं, म्हणून आधी खड्ड्यात चार दिवस विहिरीचं पाणी सोडलं, मग पाय रोवेल इतपत वाळू दिलं. त्यानंतर मुरमाचे सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि ठोकाई. शेडच्या खांबांचे खड्डे वेगळे, पक्का मुरूम लागेपर्यंत खाली. आम्हाला तो पाच फुटांवर लागला. वर जाड प्लास्टिक, त्यावर सळीची जाळी टाकून पाच इंच कोबा, खांबांपासून सुटा. म्हणजे फरशी हललीच तर एकटी हलेल, शेडला ओढणार नाही. (सॉफ्टवेअरवाल्यांसाठी: लूज कपलिंग.) भोवती तीन फुटांचा उताराचा पट्टा, पावसाचं पाणी कडेला मुरू नये म्हणून.

वाद दोनच झाले. मिस्त्री म्हणत होते फरशीला उतार पाहिजे, पाणी कसं जाईल? मी म्हणत होतो मला पाणसळीत सपाट पाहिजे. शेवटी शटरजवळच्या दोन फुटांना उतार आणि बाकी सपाट यावर तोडगा निघाला. दुसरा वाद आईशी. तिचं म्हणणं, शेड कडुनिंबाखालीच करा, सावली आहे. आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, टिनाखाली काय होईल ते सांगायला नको. पण मोठं झाड आजूबाजूच्या मातीतलं पाणी ओढतं, त्या बाजूची माती जास्त आकसते. सपाट फरशी की सावली? मी फरशी निवडली. टिनाला वरून चुना मारलाय, दोन्ही बाजूंना वर-खाली जाळ्या आहेत, आणि उन्हाळ्यात काम फक्त सकाळी सहा ते नऊ.

खालच्या जाळ्या हवेसाठी नाहीत, बाबांसाठी आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. कामासाठी खड्डा करा म्हणून दोघा-तिघांनी सुचवलं होतं. काळ्या मातीत खड्डा म्हणजे पावसाळ्यात विहीर आणि एरवी पेट्रोलच्या वाफेचं भांडं. तो विषय बाबांनी दोन मिनिटांत संपवला. पुलगावात आगीबद्दल कुणी थट्टेत बोलत नाही. ३१ मे २०१६ ला मध्यरात्रीनंतर इथल्या दारूगोळा डेपोत आग लागली. मी बारावी संपवून घरी होतो. स्फोटांनी खिडक्या वाजत होत्या, गल्लीतले सगळे रस्त्यावर, आणि आजूबाजूची गावं रातोरात रिकामी केली. ती आग विझवायला गेलेले अधिकारी, जवान आणि डेपोच्या अग्निशमन दलाची माणसं त्यात गेली. बाबांनी त्या रात्रीनंतर घरातला गॅसचा जादा सिलिंडरसुद्धा मागच्या व्हरांड्यात हलवला होता.

म्हणून भंगारापासून इथपर्यंत येताना त्यांच्या अटी होत्या. पेट्रोल शेडमध्ये ठेवायचं नाही. वेल्डिंग बाहेर, आणि टाकी उतरवल्याशिवाय डेंटरला बोलवायचं नाही. पावडरचा सिलिंडर दाराशी, वाळूची बादली शेजारी. आणि गाडीखाली कुणीही एकट्याने जायचं नाही. शेवटची अट सगळ्यात अवघड निघाली, कारण माझ्या वेळेला मोकळा माणूस घरात मिळायला हवा ना. सध्या आई शटरपाशी खुर्ची टाकून तुरीच्या शेंगा सोलते आणि दर पाच मिनिटांनी विचारते, "आहे का रे?" मी खालून हो म्हणतो.

ऑक्टोबरमध्ये, पाऊस उघडल्यावर, मी आणि मिस्त्रींनी पाण्याच्या पाइपने लेव्हल तपासली. मे महिन्यात खांबांवर खुणा करून ठेवल्या होत्या. उत्तरेचा कोपरा दोन मिलिमीटर वर आलाय, बाकी तीन जिथल्या तिथे. आमच्याच कंपाउंडच्या भिंतीत त्याच पावसाळ्यात बोट जाईल एवढी फट पडली. मिस्त्री त्या फटीत बोट घालून बराच वेळ उभे होते, बोलले काही नाहीत.

खर्चाचं विचाराल तर गॅरेजच्या पैशात चालू स्थितीतली एक पद्मिनी आली असती. वर नोंदणीचं आहेच. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार झाली, आणि त्याआधी गाडी तपासणीला उभी राहण्याइतकी तरी चालली पाहिजे. इंजिन हाताने फिरतंय. चारही ब्रेक ड्रम जाम होते, तीन सुटले. डाव्या दाराखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जातो, उजवा अजून टणक आहे.

येत्या शनिवारी टाकी उतरवायची. रविवारी उतरवू म्हटलं होतं, पण बाबा रविवारी लग्नाला वर्ध्याला जाणार आहेत, आणि टाकी ते असतानाच निघणार आहे.