हौद्यातलं ओझं : शिरपूरच्या वाटांवरची टिपणं

मृगाच्या आधी शिरपूर जैनच्या रस्त्यांवर एक दृश्य नेहमीचं असतं. छोट्या पिकअपच्या हौद्यात पॉवर टिलर उभा, त्याचे हँडल फाळक्याच्या बाहेर आलेले, प्लास्टिकच्या दोराचे दोन वेढे कसेबसे मारलेले. आणि टिलर हलू नये म्हणून त्याला धरून हौद्यातच बसलेला एक तरुण. मालकाचा मुलगा, नाहीतर पुतण्या. ही टिपणं मुख्यतः त्या पोरासाठी आहेत.

बारा-तेरा अश्वशक्तीचा टिलर रोटरसकट ४०० किलोच्या आसपास भरतो. माल बांधण्याचे अमेरिकेतले आणि युरोपातले नियम असं धरून चालतात की, जोरात ब्रेक लागला तर वजनाच्या ०.८ पट रेटा पुढे येतो. म्हणजे ३२० किलो. ताशी ४० किलोमीटरवरून गाडी अशी थांबते तेव्हा सगळा खेळ दीड सेकंदात संपतो. तेवढ्या वेळात तो रेटा हातांनी अडवणारा माणूस जन्माला आलेला नाही. टिलर आणि केबिनचा पत्रा यांच्या मध्ये तो मुलगा असतो, एवढंच.

*

“कायले इतकं बांधता भाऊ, दोन कोस तं जायाचं हाय.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला उत्तर देणं आता कर्तव्यच वाटतं.

दोन कोसांतला शेवटचा अर्धा कोस पांदणीचा असतो. काळी माती, मागच्या पावसाळ्यात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या, एक चाक वर आणि एक खाली. डांबरी रस्त्यावर ओझं पुढे-मागे ओढ घेतं, पांदणीत ते आडवं ओढ घेतं. वेग कमी असतो म्हणून चालवणाऱ्याला धोका जाणवत नाही. पण कलंडायला वेग लागत नाही. उंच उभं ओझं एका बाजूला झुकलं, दोर सैल पडला आणि ओझं हातभर सरकलं, की गाडीचा तोल त्याच बाजूला जातो. अंतर कमी असलं तरी रस्ता वाईट असतो, आणि दोर कसायचा तो रस्ता बघून.

*

गाडीची ताकद ड्रायव्हरच्या तोंडून ऐकायची नाही, आरसीवर वाचायची. तिथे दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की हाती येतं ते या गाडीचं खरं बळ. त्यात माणसंही आली, हत्यारांची पेटीही आली.

टाटा एस २००५ साली रस्त्यावर आली आणि गावोगाव ‘छोटा हत्ती’ झाली. तिची क्षमता साधारण पाऊण टनाची. आता हिशोब करा: टिलर ४००, तीन माणसं २००, ‘जातच आहे तर’ म्हणून टाकलेले खताचे ५० किलोचे चार कट्टे २००. झाले ८००. कुणालाही गाडी भरलेली वाटत नाही, कारण हौद्यात अजून जागा दिसते. बोलेरो पिकअपला हेच ओझं सोपं जातं. तिच्या वेगवेगळ्या मॉडेलांची क्षमता १.३ टनापासून १.७ टनापर्यंत आहे. गाडी ठरवताना भाड्यातला शंभर-दोनशेचा फरक बघण्याआधी हा फरक बघावा.

*

जादा पाटा. मागे गाडी बसते म्हणून कमानीत एक-दोन पाटे वाढवून घेण्याची आपल्याकडे सरसकट चाल आहे. गाडी मग ताठ उभी राहते आणि मालक खूश होतो. पाट्यानं फक्त बसणं थांबलं. ब्रेक तेच, अॅक्सल तोच, टायर तेच, चाकाचे नटही तेच.

याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. अनेक पिकअपांत मागच्या अॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला आहे यावरून तो मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. गाडी रिकामी असेल तर कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. भरलेली असेल तर जास्त. पाटे वाढवले की भरलेला हौदाही वरच राहतो. व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि नेमका गरजेच्या वेळी मागचा ब्रेक कमी मिळतो. पाटे बसवून देणाऱ्या मिस्त्रीनं हे गिऱ्हाइकाला सांगितलं पाहिजे. सांगत नसेल तर आपण विचारलं पाहिजे.

*

ओझं कुठे ठेवायचं? मागच्या अॅक्सलच्या पुढे, केबिनच्या बाजूला, आणि डावी-उजवी बाजू सारखी ठेवून.

अॅक्सलच्या मागे गेलेला प्रत्येक किलो पुढची चाकं उचलतो. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं आणि नवख्याला ते बरंही वाटतं. प्रत्यक्षात पुढच्या टायरांची रस्त्यावरची पकड सुटत चाललेली असते. तपासायची सोपी रीत: बाजार समितीजवळच्या वजनकाट्यावर आधी पूर्ण गाडी घ्या, मग नुसती पुढची चाकं काट्यावर ठेवून दुसरी पावती घ्या. रिकाम्या गाडीचीही तशीच पावती एकदा करून ठेवा. माल भरल्यावर पुढचं वजन रिकाम्यापेक्षा कमी आलं, तर माल पुढे सरकवायचा.

*

चढवणं-उतरवणं. जास्त अपघात रस्त्यावर होत असतील, पण पाय मोडतात ते फळीवर.

हौदा जमिनीपासून पाऊण मीटर उंच धरा. दोन मीटरची फळी लावली तर चढ २२ अंशांचा होतो. ४०० किलोचा टिलर वर न्यायला नुसत्या चढापोटी १५० किलोचा जोर लागतो. तीच फळी तीन मीटरची घेतली की चढ साडेचौदा अंशांवर येतो आणि जोर १०० किलोवर. आपल्याकडे त्याहून चांगली सोय फुकट आहे. वावराच्या उंच धुऱ्याला गाडी मागे लावायची, म्हणजे हौदा आणि धुरा जवळजवळ एका पातळीत येतात. जुने लोक बैलगाडीत जड वस्तू अशाच चढवत. धुऱ्याची कड पक्की आहे ना, एवढं पायानं दाबून बघायचं.

फळी वापरायचीच असेल तर ती वरून हौद्याला बांधलेली हवी. टिलरचं चाक फळीवर चढून जोर लावतं तेव्हा फळी मागे फेकली जाते. ती नुसती टेकवून ठेवणं म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या नडगीचा सौदा. फळीखाली मध्यावर दगडांचा किंवा लाकडी ठोकळ्यांचा टेकू द्यावा. गाडीचा हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, आणि चाकांना पुढून उटी लावलेली हवी.

आता साईड क्लच. टिलर चालवणाऱ्या प्रत्येकाला सवय असते की डावा दाबला की टिलर डावीकडे वळतो. सपाटीवर ते खरं आहे, कारण डाव्या चाकाची ताकद तुटते आणि उजवं चाक त्याला ढकलून वळवतं. उतारावर मात्र इंजिन टिलरला ओढत नसतं, अडवून धरत असतं. डावा दाबला की डाव्या चाकाची अडवणूक सुटते, ते पुढे पळतं आणि टिलर उजवीकडे वळतो. फळीवर फूटभर चुकीचं वळण म्हणजे टिलर खाली, आणि बहुधा माणसाच्या अंगावर. म्हणून फळीवर साईड क्लचला हात लावायचाच नाही. टिलर आधी जमिनीवर सरळ रेषेत आणायचा, सगळ्यात खालचा गिअर टाकायचा, रोटर बंद ठेवायचा, वर जाताना पुढे आणि खाली येताना रिव्हर्समध्ये यायचं. अर्ध्यात वाकडा झाला तर तिथे वळवत बसू नये. परत खाली घेऊन पुन्हा सरळ करावा.

अनुदानाच्या यादीत नाव आल्यावर महाडीबीटीवर बिलं चढवायला शेतकऱ्याला शिकवणारे पुष्कळ भेटतात. साईड क्लचचा हा उलटा स्वभाव टिलर ताब्यात देतानाच कुणी दहा मिनिटं दाखवला, तर किती पाय वाचतील.

*

दोर की पट्टा? खटक्याचा पट्टा, म्हणजे रॅचेट असलेला. प्लास्टिकचा दोर ताणतो, ओला झाला की गाठ सरकते, आणि उन्हात वर्षभर पडून राहिला की त्याचे तंतू हातात चुरतात. वरून तो धड दिसतो, हीच अडचण. पट्ट्यावर किती ओझ्यासाठी आहे तो आकडा शिवलेला असतो. आकडा नसलेला पट्टा घेऊ नये.

चार पट्टे, चार कोपऱ्यांना, प्रत्येक तिरपा खाली जाणारा. दोन पुढे ओढणारे, दोन मागे. वरून आडवा टाकलेला एकच पट्टा ओझं खाली दाबतो, पण पुढे जाण्यापासून फारसं अडवत नाही. बांधायचं ते चेसिसला किंवा जाड लोखंडी भागाला. हँडलला, पत्र्याला, क्लचच्या तारेजवळ मुळीच नाही. जिथे पट्टा धारेवरून जातो तिथे बारदानाची जाड घडी घालावी.

आणि बांधण्याआधी हौदा झाडून घ्यावा. सोयाबीनचे मूठभर दाणे पत्र्यावर राहिले तर चाकाखाली छर्रे टाकल्यासारखं होतं. ओल्या मातीचं आणि डिझेलच्या डागांचंही तेच. खाली रबरी मॅट किंवा बारदान अंथरलं की अर्धं काम पट्ट्यांच्या आधीच होतं.

*

मोटारसायकल न्यायची असेल तर साईड स्टँडवर उभी करून बांधू नये. गचक्यानं स्टँड मोडतो किंवा मुडपतो आणि सगळे दोर एकदम सैल पडतात. स्टँड वर, पुढचं चाक केबिनच्या भिंतीला टेकवलेलं, दोन पट्टे हँडलच्या खालच्या जाड भागाला दोन्हीकडून, पुढचा शॉकअप साधारण अर्धा दबेल इतके ओढलेले. मागच्या चाकाला दोन. गाडी पहिल्या गिअरमध्ये, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद. स्प्लेंडरसारखी ११२ किलोची गाडी दोन माणसं उचलून ठेवतात, म्हणून तिला कुणी ओझं समजत नाही.

*

कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडे हौद्यात ओझं नेण्याचा हाच प्रश्न बर्फावरच्या स्नोमोबाईलचा आहे. क्यूबेकमधल्या व्हालकूरच्या बोंबार्डिए यांनी १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आणली आणि बर्फावरची ही एकट्या-दुकट्याची गाडी घरोघर गेली. आपल्याकडे ती गुलमर्गला पर्यटकांना फिरवते. तिची रुंदी चार फुटांच्या आसपास, वजन साधारण अडीचशे किलो. पिकअपच्या हौद्यात दोन शेजारी-शेजारी मावत नाहीत, म्हणून तिथले लोक हौद्यावर मचाण बसवतात आणि दोन्ही गाड्या त्यावर चढवतात. मचाणासकट सहा-सातशे किलो, तेही जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर आणि बरंचसं मागच्या अॅक्सलच्या मागे. त्यात वारा समोरून घुसतो आणि पट्टे बर्फानं ओले.

तिथे हौसेचा प्रश्न आहे, इथे पेरणीचा. पण उंचावर आणि मागे ठेवलेलं ओझं दोन्हीकडे सारखंच वागतं. तिथल्या जाणत्यांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. निघाल्यावर थोड्या किलोमीटरांत ते गाडी बाजूला घेतात आणि सगळे पट्टे पुन्हा ओढून बघतात, कारण पहिल्या गचक्यांत ओझं बसतं आणि ताण जातो. अकोल्याहून माल आणणाऱ्यानं पातूर गाठायच्या आधी हे केलंच पाहिजे.

*

पातूरचा घाट. मेडशी-मालेगावकडून अकोल्याला जाताना उतार लागतो, आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे अजूनही आहेत. ओझं भरलेल्या पिकअपनं हे करणं म्हणजे सगळा भार एकट्या ब्रेकवर टाकणं. तापलेला ब्रेक आधी वास देतो, मग पॅडल खाली खाली जातं. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवायला चौपट काम लागतं. ताशी ३० आणि ६० मधला फरक घाटात असा मोजावा.

*

कायद्याबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरवलं की, हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येईल. पिकअप त्यात सहज बसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये असा दंड आहे. हौद्याच्या बाहेर आलेल्या मालासाठीही वेगळं कलम आहे. मला स्वतःला दंडापेक्षा विम्याची काळजी जास्त वाटते. हौद्यात मालावर बसलेल्या माणसाला काही झालं, तर विम्याची भरपाई मिळवताना त्या घराची वर्षं कोर्टाच्या पायऱ्यांवर जातात.

शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून लोक येतात. अनोळखी रस्त्यावर, डोकं खाली घालून, पायी चालणारे म्हातारेही त्यांत असतात. वस्तीतून जाताना टिलरचे हँडल बाहेर आलेले असतील तर त्यांच्या टोकाला लाल फडकं, आणि अंधार पडला असेल तर लाल दिवा बांधावा. त्याहून बरं म्हणजे हँडल आत वळेल असाच टिलर ठेवावा.

*

वावरात पोचल्यावर घाई होते. पट्टे सोडायच्या आधी ओझं कुठे टेकलं आहे ते बघावं. वाटेत सरकून ते फाळक्यावर रेललं असेल, तर खटका सोडताच फाळका माणसासकट खाली येतो. म्हणून फाळका बाजूला उभं राहून उघडायचा, समोर नाही. आधी चाकांना उटी, मग फळी बांधायची, मग पट्टे, आणि मागचे दोन सगळ्यात शेवटी.