गाडीचा पंखा आणि सोमवारची खेप

आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण मोटर, जाळी आणि बोअरचं क्षाराचं पाणी हे तिन्ही त्यात आहे, म्हणजे विषय आपल्याच शिवारातला.

आमच्या आबांचं डायलिसिस चालू आहे. सोमवार आणि गुरुवार, दोन खेपा अकलूजला. चार तास मशीनवर आणि मग परत. त्यासाठीच जुनी छोटी पेट्रोल गाडी घेतली.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी येताना रस्त्यात उसाची ट्रॉली पलटी झालेली. पुढं-मागं ट्रॅक्टरची रांग. पंधरा मिनिटं गाडी चालूच ठेवून उभे राहिलो, आबांना एसी लागावा म्हणून. एसीची हवा गरम यायला लागली ते लक्षात आलं नाही. बघतो तर काटा लाल रेघेला टेकलेला आणि बॉनेटमधनं वाफ.

गाडी बंद केली, आबांना बाभळीखाली बसवलं. डायलिसिस झाल्यावर अंगात त्राण नसतं, बीपी खाली येतं. त्यात पाणीही मोजूनच प्यायचं. जवळ दोन लिटरची एक बाटली. आबांनी ओठ ओले केले आणि गाडीकडं बोट दाखवून म्हणाले, "तिला घाल. मला चालत न्हाई, तिला तरी चालतंय."

पाऊण तास थांबलो. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण कधीच उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. गार झाल्यावर पाणी घातलं आणि रस्ता मोकळा झाल्यावर निघालो. गंमत म्हणजे पळत्या गाडीत काटा घरापर्यंत निम्म्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी फिटरकडं गेलो. त्यानं वरवर बघून सांगितलं, "हेड गॅस्केट गेलंय. 16 हजार, गाडी चार दिवस इथंच." उसाचं बिल यायचं होतं आणि सोमवार तीन दिवसांवर. गाडी तशीच हळूहळू घरी आणली.

रात्री डोक्यात एकच. पळताना तापत नाही, उभी राहिली की तापते. पळत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला पंखाच लागतो. हेड गॅस्केटची खूण म्हणजे ऑइल दुधाच्या चहासारखं होणं, सायलेन्सरमधनं सतत पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे. यातलं काहीच नव्हतं. असेल तर मात्र फिटरकडंच जावं, घरी प्रयोग नको.

सकाळी एकेक तपासत गेलो, जसं बोअरची मोटर बंद पडली की आपण स्टार्टरपासून सुरू करतो:

1. इंजिन चालू करून एसी लावला. रेडिएटरचा पंखा फिरायला हवा होता. नाही फिरला.
2. फ्यूज काढून बघितला. चांगला.
3. माझ्या गाडीत हॉर्नचा आणि पंख्याचा रिले एकसारखाच आहे. अदलाबदल केली. हॉर्न वाजला, पंखा गप्प.
4. पंख्याचं सॉकेट सोडवून बॅटरीवरनं थेट करंट दिला. पंखा नुसता थरथरला. मोटरवर लाकडानं हलकं टिचकावलं तर दोन फेरे मारून थांबला.

म्हणजे मोटरचे कार्बन ब्रश संपलेले. तालुक्याच्या दुकानातनं 1,850 रुपयांना डुप्लिकेट मोटर आणली.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, 10 नंबरच्या पान्यानं चार बोल्ट काढले आणि पंखा चौकटीसकट वर उचलला. मागं रेडिएटर दिसला आणि माझी मलाच लाज वाटली. जाळी पाचटाच्या भुशानं आणि किड्यांनी लिंपलेली. वारा जाणार कुठनं? बिचारा पंखा जास्त वेळ फिरत राहिला आणि झिजला. आतल्या, म्हणजे इंजिनच्या बाजूनं बाहेर असं हलक्या धारेनं धुतलं. फवारणीच्या एचटीपी पंपाची गन लावू नका, पातळ पात्या वाकतात.

आतलं पाणी काढलं तर तांबडं, गाळाचं. वर्षभर मी बोअरचंच पाणी ओतत होतो. ड्रिपच्या नळ्या क्षारानं बुजतात म्हणून ॲसिड देणारा मी, गाडीत तेच पाणी घालत होतो! दोनदा धुऊन काढलं आणि कूलंट व बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं.

नवीन मोटरचं सॉकेट बसेना म्हणून वायरी कापून जोडल्या. पंखा जोरात फिरला, मी खूश. आबा ओट्यावरनं म्हणाले, "वारा कुठनं कुठं जातोय ते बघ की." रेडिएटरसमोर वहीचा कागद धरला, तर कागद उडून गेला. वायरी उलट्या जोडल्या होत्या! माझ्या गाडीत पंखा रेडिएटरच्या मागं आहे, त्यानं हवा आत ओढायला पाहिजे. वायरी बदलल्या, कागद जाळीला चिकटला.

मग गाडी उभी चालू ठेवून काट्याकडं बघत बसलो. काटा निम्म्याला आला की पंखा सुरू, थोड्या वेळानं बंद. अर्धा तास असंच. कूलंट धरून सगळा खर्च 2,400 रुपये.

सोमवारी परत त्याच रस्त्यानं आलो. उसाची रांग होतीच. आबा म्हणाले, "हिची मशीन सुरू झाली, आता हिला गुरुवारी न्यायला नको."

मित्रांनो, ऊन वाढतंय. गाडी कोणतीही असो, घरनं निघण्याआधी बॉनेट उघडा, जाळीवर हात फिरवा, एसी लावून पंखा फिरतोय का ते लांबूनच बघा. हात आत घालू नका, पंखा कधीही सुरू होतो. शेजारी आजारी माणूस असेल तर एक बाटली गाडीसाठी आणि एक माणसासाठी, अशा दोन वेगळ्या ठेवा. मी आता ठेवतो.