आधी सोडा, मग घ्या

गेल्या फेब्रुवारीत, वयाच्या ६७व्या वर्षी, मी अंदमानच्या समुद्रात पाण्यात तोंड घालून जवळजवळ अर्धा तास तरंगत होते, हे सांगितले की आमच्या जळगावच्या गल्लीतील बायका आधी हसतात आणि मग गुडघ्यांची चौकशी करतात. गुडघ्यांना समुद्राचा काहीच त्रास झाला नाही. पाण्यात वजनच कुठे असते? त्रास झाला तो श्वासाचा, आणि त्याचे मूळ समुद्रात नव्हते.

माझे यजमान एका जिनिंग प्रेसमध्ये ३१ वर्षे हिशेबनीस होते. कापसाची धूळ नाकातोंडात आणि खिशात विडीचे बंडल, अशी ती ३१ वर्षे गेली. निवृत्तीनंतर दोन वर्षांतच जिना चढताना धाप लागू लागली, आणि श्वासनलिका कायमच्या आक्रसल्याचे, म्हणजे सीओपीडीचे, निदान झाले. शेवटची चार वर्षे घरात प्राणवायूचे यंत्र होते. हवेतला प्राणवायू वेगळा करून नळीवाटे नाकाशी पोचवणाऱ्या त्या कॉन्सन्ट्रेटरची घरघर आमच्या घराला इतकी सवयीची झाली होती की मे महिन्यात वीज गेली की उकाड्याने नव्हे, त्या शांततेने मी दचकून जागी होत असे. मग अंधारात सिलिंडरची चावी फिरवायची.

या आजाराविषयी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रुग्ण धापा टाकतो तेव्हा त्याला हवा आत घेता येत नाही असे आपल्याला वाटते. खरी अडचण बहुधा बाहेर सोडण्याची असते. जुनी हवा फुप्फुसांत अडकून राहते, म्हणून नवीन हवेला जागाच उरत नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी म्हणूनच शिकवले होते की नाकाने सावकाश घ्या आणि ओठांचा चंबू करून, समईची ज्योत हलावी पण विझू नये इतक्या हळू, दुप्पट वेळ सोडत राहा. ते वाक्य मी पाठ केले. “आधी सोडा, मग घ्या.” पहिल्या वर्षी मी ते समजावून सांगत असे, दुसऱ्या वर्षी आठवण करून देत असे आणि पुढे चक्क दरडावत असे. रात्री तीन वाजता, खांद्याला धरून, “सोडा म्हणते ना!”

आणखी एक रात्र सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही. डिसेंबरची थंडी होती. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८७ आकडा दिसत होता. डॉक्टरांनी बजावले होते की यांच्यासाठी ८८ ते ९२ पुरे, यंत्र दोन लिटरवरच ठेवा, वाटलेच तर आधी फोन करा. मी फोन केला नाही. मधल्या रात्री कोणाला उठवायचे, असा संकोच केला आणि यंत्राची कळ फिरवून पाचावर नेली. थोड्या वेळात आकडा ९६ झाला. मला हायसे वाटले आणि मी किती तरी दिवसांनी गाढ झोपले. सकाळी हे झापडल्यासारखे पडलेले, जीभ जड, मला ओळखतात की नाही याचीही शंका. या आजाराच्या काही रुग्णांत जादा प्राणवायूने शरीरातला कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि गुंगी येते. तीन दिवस मुखवट्याचे यंत्र लावावे लागले. तेथील डॉक्टरांनी शांतपणे सगळे समजावले, एका शब्दानेही दोष दिला नाही. घरी आल्यावर मुलाने यंत्राच्या काचनळीवर दोनच्या रेघेला लाल पट्टी चिकटवली. हे त्यानंतर सात महिने राहिले. त्या रात्रीविषयी ते मला कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

अंदमान ही त्यांची इच्छा. इतिहासाच्या पुस्तकांचे त्यांना वेड, आणि सावरकरांनी जेथे १९११पासून दहा वर्षे काढली ती कोठडी एकदा पाहायची हे त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच जाहीर केले होते. एकदा आरक्षणही केले आणि त्याच आठवड्यात त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांच्या वर्षश्राद्धानंतर मुलगा म्हणाला, “आई, बाबांचे राहिलेले आपण करून येऊ.” समुद्रात उतरण्याची टूम मात्र नातीची. मुलाने तत्काळ नकार दिला. मी त्याला सांगितले की तुझी आई धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी वाढली आहे. तिथल्या फडाच्या बंधाऱ्याखालच्या डोहात आत्याने पाठीला दोन सुके भोपळे बांधून मला ढकलले तेव्हा मी आठ वर्षांची होते. पोहणे काही मी विसरलेली नाही. त्यावर तो म्हणाला, “आणि तुझा रक्तदाब?”

त्याचे म्हणणे रास्त होते, आणि घरातील वडीलधाऱ्यांना असा प्रवास घडवू पाहणाऱ्यांसाठी थोडे तपशिलात लिहिते. आमच्या डॉक्टरांनी हृदयाचा आलेख आणि टू-डी इको केला, रोज सपाटीवर अर्धा तास झपझप चालायला लावले आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले. त्यांनी सांगितले ते मला नवीन होते. माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उतरला की पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे सरकते, हृदयावरचे काम वाढते आणि मूत्रपिंडे अधिक लघवी तयार करतात. तरुणाला हे जाणवतही नाही. परंतु ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, हृदय अशक्त आहे, अशा वयस्कांपैकी काहींच्या फुप्फुसांत पाण्याचा एक थेंबही न गिळता पाणी साचू शकते. पाण्यात असताना अचानक दम लागला, खोकला आला, छातीत घरघर वाटली तर ‘आणखी पाच मिनिटे’ म्हणायचे नाही, ताबडतोब बाहेर यायचे. एकटीने उतरायचे नाही, लाटांशी झगडायचे नाही. रक्तदाबाची गोळी त्या दिवशी मनाने पुढेमागे करायची नाही. सकाळचा रक्तदाब चढा आला तर काठावर बसून शहाळे प्यायचे. मी सगळे वहीत लिहून घेतले. यंत्राच्या कळीने शिकवलेला धडा होता तो.

पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचे श्रीविजयपुरम, येथे पहिला दिवस कारागृहाचा. कोठडी सुमारे साडेचार मीटर लांब, पावणेतीन मीटर रुंद, आणि झरोका इतका उंच की हात पोचू नये. यांचा चष्मा मी पर्समध्ये नेला होता. तो काढून हातात धरला आणि काही वेळ उभी राहिले. त्यापलीकडे त्या दिवसाविषयी मला लिहिता येत नाही.

तिसऱ्या दिवशी बोटीने शहीद द्वीप गाठले. पूर्वीचे नाव नील. २०१८च्या डिसेंबरात ते बदलले. बंगाली निर्वासितांनी वसवलेले हे चिमुकले बेट. किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. आपल्याकडच्या कोणत्याही आजीला तेथे परके वाटू नये. भातखाचरे, भाजीचे वाफे, आणि केळीही! रावेर-यावलच्या केळीशी तिची तुलना करण्याचा मोह मी आवरला.

आम्हांला पाण्यात नेणारा मुलगा पंचविशीचा बंगाली तरुण होता. तो मला ‘मासीमा’ म्हणे, म्हणजे मावशी. त्याने पहिला प्रश्न दातांचा विचारला. माझी खालची कवळी सैल आहे. ती काढून डबीत ठेवायला लावली, कारण स्नॉर्कलचे, म्हणजे श्वास घ्यायच्या नळीचे, रबरी टोक दातांत धरावे लागते आणि सैल कवळी निसटून घशाकडे जाण्याची भीती असते. कवळी नसताना ते टोक धरता येईना. शेवटी लहान मुलांच्या मापाचे शोधून आणले. सुनेच्या लांब बाह्यांच्या पोहण्याच्या पोशाखावर त्याने तरंगणारे जाकीट चढवले. भोपळ्यांपेक्षा ते कितीतरी आरामशीर होते.

छातीएवढ्या पाण्यात त्याने मला तोंड बुडवायला सांगितले. मी बुडवले, आणि कानांत तो आवाज आला. नळीतून जाणाऱ्यायेणाऱ्या हवेचा, मोठा, पोकळ, घरघरता. माझ्याच श्वासाचा आवाज होता, पण मला तो आमच्या मागच्या खोलीतून येत असल्यासारखा वाटला. मी हपापल्यासारखी हवा ओढू लागले. ओढत होते तरी पुरत नव्हती. वर उसळले, नळी थुंकली, नाकातोंडात खारे पाणी. मुलगा काठावरून धावत आला. “झाले, आई, पुरे.”

त्या तरुणाने मला बाहेर काढले नाही, घाईही केली नाही. कमरेएवढ्या पाण्यात आणून उभे केले, माझा दम शांत होईपर्यंत थांबला, खोकला नाही ना, छाती जड नाही ना, हे दोनदा विचारले. मग म्हणाला, “मासीमा, आप सिर्फ ले रही हो. पहले छोड़ो, फिर लो.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिले.

त्याचे कारण साधे आहे. सोडलेली थोडी हवा दर वेळी नळीतच उरते. जो घाबरून उथळ, भराभर श्वास घेतो तो तीच वापरलेली हवा पुन्हा पुन्हा ओढतो आणि अधिकच गुदमरतो. उपाय एकच, लांब सोडणे. मला हे वाक्य चार वर्षे पाठ होते. परंतु छातीत हवेची भूक पेटलेली असताना ‘आधी सोड’ या आज्ञेचे पालन करणे म्हणजे काय, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. सगळे शरीर ‘घे, घे’ म्हणून ओरडत असते. आहे तेवढेही हातचे सोडायचे, आणि पुढचे मिळेल यावर विश्वास ठेवायचा. माझ्यापाशी भर दुपार होती, पायांखाली वाळू होती, हात धरलेला एक धीराचा मुलगा होता. यांच्यापाशी रात्रीचे तीन होते आणि खांदा हलवणारी मी.

दुसऱ्यांदा मी तोंड बुडवले ते ओठ नळीभोवती मिटून, समई आठवत. सोडले. खूप वेळ सोडले. आत हवा आपसूक आली.

त्यानंतर पाण्याखालचे दिसू लागले. पोवळ्यांचे खडक, त्यांवर पाय टेकायचा नाही असा सक्त नियम, कारण ते जिवंत असतात. त्यांपलीकडे वाळूवर समुद्री गवताचे कुरण. या कुरणांवर डुगाँग, म्हणजे समुद्री गाय, चरते. तो अंदमानचा राज्यप्राणी. आम्हांला ती दिसली नाही, आणि क्वचितच कोणाला दिसते. दिसले ते हिरवे कासव. लग्नकार्यातल्या मोठ्या परातीएवढी पाठ, आणि मान पुढे काढून, आपल्या गोठ्यातल्या गाईइतक्याच निवांतपणे ते गवत तोडत होते. या जातीचे पूर्ण वाढलेले कासव १०० किलोच्याही वर जाते. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला हात लावणे, त्याचा पाठलाग करणे, त्याची वर येण्याची वाट अडवणे हे सर्व निषिद्ध. तरुणाने खुणेने सांगितले की थांबा, हलू नका.

काही मिनिटांनी ते चरायचे थांबले आणि पुढचे दोन पाय पंखांसारखे हलवत तिरके वर येऊ लागले. माझ्यापासून पाचसहा हातांवर त्याचे डोके पाण्याबाहेर आले. मीही डोके वर काढले. ‘फुस्स’ असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्याने आधी सोडले. मग क्षणात घेतले आणि पुन्हा खाली गेले. कासवालाही आपल्यासारखीच फुप्फुसे असतात, पण वर येऊन घेतलेल्या एकाच श्वासात त्यातली बरीचशी हवा ते बदलून टाकते. दोन सेकंदही लागत नाहीत. मुखवट्याच्या आत माझे डोळे भरून आले. मुखवट्यात पाणी शिरले असे वाटून तो तरुण काच तपासू लागला. मी त्याला तपासू दिले.

बाहेर आल्यावर मुलाने रक्तदाब मोजला. थोडा चढा होता, अर्ध्या तासाने उतरला. मी त्याला प्रथमच म्हटले, “त्या रात्री मी फोन करायला हवा होता.” तो बराच वेळ पट्टा गुंडाळत राहिला. मग म्हणाला, “मीही शेजारच्याच खोलीत होतो, आई. तू मला उठवू शकली असतीस, असे मला वाटायला हवे होते की तुला?” आम्ही दोघांनीही उत्तर शोधले नाही. नात शंख दाखवायला आली.

यांचे यंत्र दीड वर्ष मागच्या खोलीत चादरीखाली होते. मार्चमध्ये गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका गृहस्थांना त्याच आजारासाठी डॉक्टरांनी प्राणवायू लिहून दिला. मी यंत्र तपासून, गाळण्या बदलून त्यांच्या घरी पोचवले. त्यांच्या पत्नीने वही काढून विचारले, काय काय सांभाळायचे? ओलाव्याच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी घालायचे. नळीत बाष्पाचे थेंब साचतात, ते दर काही तासांनी झटकायचे, नाहीतर हवा अडखळते. यंत्राजवळ उदबत्ती, निरांजन लावायचे नाही. कळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय हलवायची नाही, आणि रात्री कितीही वाजले असोत, फोन करायचा. त्यांचा नंबर लागला नाही तर माझा. तो मी वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिला.

यजमानांच्या जागी बसलेले ते गृहस्थ धापत होते. वहिनी त्यांना म्हणाल्या, “अहो, सोडा आधी.” मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले, ओठांचा चंबू केला आणि काही न बोलता माझा श्वास सोडू लागले. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांनी माझ्याबरोबर सोडला. काचनळीतली गोळी लाल पट्टीशी स्थिर होती, दोनवर.