तांब्याच्या वाटेवरची सायकल

"आई, तुला सायकल येते ना अजून?" लेकीने विचारले, तेव्हा मी तिच्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. डोळ्यांत आधीच पाणी होते, त्यामुळे मी घाबरले आहे हे तिच्या लक्षात आले नाही. शेवटची सायकल चालवून पस्तीस वर्षे उलटली होती. "न यायला काय झालं?" मी ठसक्यात म्हणाले. आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यातल्या पोर्टरीथ नावाच्या चिमुकल्या बंदरावर मी हेल्मेटचा पट्टा आवळत उभी राहिले.

सायकलही आपल्या ओळखीची नव्हती. तिला 'ग्रॅव्हल बाइक' म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलसारखे खाली वळलेले, पण टायर चांगले रुंद आणि दातेरी. खडीची, मुरुमाची, शेतातली, जंगलातली कच्ची वाट हेच तिचे माहेर. डांबरी रस्ता आणि मोटारींची वर्दळ टाळून हिंडणाऱ्यांसाठी ती केलेली आहे. आमची वाट होती पोर्टरीथपासून डेव्होरान गावापर्यंत, उत्तरेच्या समुद्रापासून दक्षिणेच्या खाडीपर्यंत. अंतर सुमारे 18 किलोमीटर. मधले काही तुकडे गावातल्या निवांत गल्ल्यांतून जातात, बाकी सगळी वाट मोटारींवाचून.

सुरुवातीला चढ आहे म्हणून मी धास्तावले होते. पण तो इतका बेताचा निघाला की पहिले दोन किलोमीटर मी न उतरता पार केले. माझ्या तब्येतीचे कौतुक करावे म्हटले, तर लेक म्हणाली, "आई, हा चढ तुझ्यासाठी नाही, घोड्यांसाठी आखलाय." आणि ते खरेच होते. 1809 मध्ये या मार्गावर रूळ टाकायला सुरुवात झाली. त्यावरून घोडे तांब्याच्या खनिजाने भरलेल्या वाघिणी ओढत बंदरावर आणत. तिथून गलबते खनिज घेऊन वेल्समधल्या स्वान्सीला जात आणि परतताना कोळसा आणत. कारण तांबे वितळवायचे तर खनिजापेक्षा कोळसाच जास्त लागे; मग कोळसा खनिजाकडे नेण्यापेक्षा खनिजच कोळशाकडे पाठवणे स्वस्त. रूळ केव्हाच गेले. पण ते ज्यांवर बसवले होते ते ग्रॅनाइटचे चौकोनी दगड वाटेत अजून दिसतात, रूळ पक्के करण्यासाठी पाडलेल्या भोकांसकट.

दोन्ही बाजूंना हिरवी कुरणे, दगडी बांधांवर फुललेली रानफुले, मधूनच एखादी गाय मान वर करून आमच्याकडे पाहते. 'गॉर्स' नावाच्या काटेरी झुडपाला पिवळी धमक फुले आली होती आणि त्यांना चक्क ओल्या नारळाचा वास! खोबरे खवल्यावर घरभर दरवळतो तसा. परदेशात, थंड वाऱ्यात तो वास आला की पाय आपोआप पॅडलवरून खाली येतात. आम्ही दर अर्ध्या किलोमीटरला थांबत होतो.

जरा पुढे गेले की शेतांच्या मधोमध दगडी मनोरे दिसू लागतात. छप्पर उडालेले तीन मजली घर आणि त्याच्या कोपऱ्याला चिकटलेले उंच धुराडे. ही इंजिनघरे. खाण खोल गेली की तिच्यात पाणी भरते आणि ते उपसल्याशिवाय कुदळ चालत नाही. त्या उपशासाठी वाफेची अजस्र इंजिने इथे बसवली होती. इंजिनाचा भला मोठा आडवा दांडा ज्या भिंतीवर झुले ती भिंत इतकी जाड की इंजिने मोडीत गेली तरी भिंती उभ्याच आहेत. उच्चदाबाच्या वाफेवर इंजिन चालवून दाखवणारा रिचर्ड ट्रेव्हिथिक याच मुलखातला, 1771 मध्ये जन्मलेला, खाणीवरच्या अधिकाऱ्याचा मुलगा. हा सगळा खाणप्रदेश 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

खाणींची नावे वाचताना माझी गंमत झाली. जिथे तिथे 'व्हील' अमुक, 'व्हील' तमुक. मला वाटले, सायकलवाट म्हणून चाकांचा एवढा सोस असेल! पण कॉर्निश भाषेत या शब्दाचा अर्थ खाण. खाणीला आणखी एक शब्द आहे, 'बाल'. खनिज हातोड्याने फोडून निवडणाऱ्या बायकांना 'बाल मेडन' म्हणत. आपल्या कानाला तो शब्द वेगळाच लागतो, आणि तो अर्थही खोटा नव्हता. त्यांतल्या कितीतरी जणी खरोखरच बालवयाच्या होत्या.

स्कोरिअरच्या पुढे वाट युनिटी वुड नावाच्या रानात शिरते. कोवळ्या पालवीतून ऊन झिरपत होते, टायरखाली खडी करकरत होती, बाकी फक्त पाखरे. लेक पुढे, मी मागे. मला एकदम मी शिकले ती सायकल आठवली.

ती मी कोलारच्या सोन्याच्या खाणींजवळ शिकले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे खाणीचे नकाशे काढायचे. कर्नाटकातल्या त्या खाणी 1880 पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने चालवायला घेतल्या आणि कामाला माणसे आणली ती याच कॉर्नवॉलमधून. 1866 मध्ये इथला तांब्याचा धंदा कोसळला. परदेशातले तांबे स्वस्त पडू लागले, खाणी बंद पडत गेल्या आणि हजारो खाणकामगार बायकामुले मागे ठेवून जगभर पांगले. त्यांतले काही आपल्या कोलारला पोहोचले. अण्णा म्हणायचे, "आमच्या कपाटातले सगळ्यात सुबक नकाशे कॉर्नवॉलच्या माणसांचे." तेव्हा कॉर्नवॉल म्हणजे एखाद्या साहेबाचे नाव असावे, असा माझा समज होता!

28 फेब्रुवारी 2001 रोजी कोलारच्या खाणी बंद झाल्या. अण्णा तेव्हा निवृत्त होऊन पुण्यात राहत होते. पेपरातली बातमी त्यांनी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि एवढेच म्हणाले, "आता पंप बंद करतील." हे वाक्य मला त्या वेळी कळले नव्हते. तीन किलोमीटरहून खोल खाण, हजारो माणसांच्या नोकऱ्या, आणि यांना पंपांची काय पडली आहे?

त्याचे उत्तर मला रान संपल्यावर मिळाले. झाडी सरते आणि पोल्डिसचे खोरे समोर येते. हिरवाई जणू कुणी पुसून टाकलेली. करडी, तांबूस, गंजासारखी उघडी जमीन. तांबे आणि कथील काढल्यावर उरलेल्या मातीत आर्सेनिक आहे. काही ठिकाणी गवताचे पातेही उगवत नाही. जुन्या शाफ्टची तोंडे शंकूच्या आकाराच्या पोलादी जाळ्यांनी झाकली आहेत. माणूस आत पडू नये, पण वटवाघळांना ये-जा करता यावी म्हणून ही युक्ती. वाट सोडू नये हे बरे, आणि खाण्यापूर्वी हात स्वच्छ धुवावेत.

पुढे बिस्सोजवळ कार्नन नदी सोबतीला येते. याच खोऱ्याच्या वर व्हील जेन नावाची कथलाची खाण होती. 1991 मध्ये ती बंद झाली आणि पंप थांबले. पाणी चढत गेले. जानेवारी 1992 मध्ये एका जुन्या बोगद्याचे तोंड फुटून सुमारे 5 कोटी लिटर आम्लयुक्त, धातूंनी भरलेले पाणी या नदीत आणि तिथून फाल नदीच्या खाडीत उतरले. सगळी खाडी नारिंगी झाली. मग सरकारने पाणी उपसून शुद्ध करण्याची व्यवस्था उभारली. ती आजही चालू आहे. तीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या खाणीचे पाणी रोज उपसावे लागते, आणि उद्याही लागेल.

मी नदीकाठी सायकल टेकवून बराच वेळ उभी राहिले. "काय झालं आई?" लेकीने विचारले. "अण्णांचं बोलणं आज कळलं," मी म्हणाले. सोने संपले की खाण संपत नाही, हे नकाशे काढणाऱ्या माणसाला ठाऊक होते.

कोलारला बारीक दळलेल्या दगडाचे डोंगर आहेत, लोक त्यांना 'सायनाइड डंप' म्हणतात. वारा सुटला की ती धूळ घराघरांत येते. गोव्यातल्या लोहखनिजाच्या लाल टेकड्या, चंद्रपूरकडचे कोळसाखाणींचे मातीचे ढिगारे आपण पाहतोच. तिथेही अशी सायकलवाट झाली तर मला आनंदच होईल. पण वाट ही शेवटची गोष्ट आहे. आधी माती, मग पाणी, मग माणसे. खडी टाकायला वेळ लागत नाही.

कुणाला जायचे असेल तर लंडनहून रेड्रुथपर्यंत थेट रेल्वे आहे. पाचेक तास लागतात. मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. सायकली वाटेवर बिस्सोला भाड्याने मिळतात. पावसाचा कोट मात्र विसरू नये. इथले आभाळ आपल्या सासूबाईंसारखे, केव्हा बरसेल सांगता येत नाही!

शेवटचे काही किलोमीटर सपाट आहेत. रेल्वेच्या उंच कमानींच्या पुलाखालून वाट डेव्होरानला पोहोचते. इथे एकेकाळी मोठा धक्का होता; खाणींच्या गाळाने तो भरून गेला. ओहोटीच्या चिखलात बगळ्यासारखे पांढरे पक्षी चोच मारत होते. लेकीने थर्मासमधला चहा ओतला.

"पुढच्या वर्षी कोलारला जाऊ या," ती म्हणाली. "तू शिकलीस ती गल्ली दाखव मला."

मी हो म्हणाले. सायकली तिथेही मिळतील.