मातीचा मठ

स्पितीतल्या ताबोच्या जुन्या मठात शिरलं की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू डोळे सरावतात आणि भिंतींवरची चित्रं अंधारातून पुढे येतात... इ.स. ९९६ मधला हा मठ आणि तोही मातीचा! भिंती, छत, आतल्या मूर्तीसुद्धा. १९७५च्या भूकंपात बरंच नुकसान झालं, तरी उभा आहे.

बाहेर आलो तर आभाळ भरून आलेलं. आम्ही कोकणातली माणसं, लगेच खुललो. शेजारचे लामा मात्र गप्प, नजर छताकडे. या खोऱ्यात पाऊस फारसा येत नाही, म्हणून तर माती हजार वर्षं टिकली.

"बर्फ छतावरून लोटून देता येतो," ते हिंदीत म्हणाले, "पाऊस मुरतो."

चार थेंब पडले. थांबले. मला चक्क हायसं वाटलं.