लॅपटॉपची डिस्क बदलली, त्याची गोष्ट आणि हिशेब



गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत मी जमाखर्च लॅपटॉपवर उघडून दाखवला, तेव्हा दोघी-तिघींनी लगेच विचारलं, "काकी, नवीन लॅपटॉप घेतला काय?" लॅपटॉप तोच आहे, २०१८ सालचा. बदलली आहे ती आतली डिस्क. त्यानंतर "आमचाही असाच रडतखडत चालतोय, काय करू?" असे इतके फोन आले की सगळं एकदाच लिहून काढायचं ठरवलं.

आमचा लॅपटॉप सकाळी सुरू केला की चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. मुलगा पुण्याहून म्हणाला, "आई, दे टाकून. पंचावन्न हजारांत चांगला येतो." पण मी पडले कॉमर्सची. धंदा तोट्यात म्हटल्यावर दुकानच बंद करायचं की कुठलं खातं पैसे खातंय ते आधी बघायचं? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'वर गेलं की प्रोसेसर, मेमरी, डिस्क किती काम करताहेत ते टक्क्यांत दिसतं. आमच्याकडे प्रोसेसर दहा-पंधरा टक्के, मेमरी निम्मी, आणि डिस्क सारखी शंभर टक्के. म्हणजे दोन कामगार बसून होते आणि तिसऱ्याला दम लागला होता.

ही जुनी हार्ड डिस्क म्हणजे आत खरोखरच फिरणारी तबकडी असते. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे. तिच्यावरून एक बारीक काटा पुढेमागे सरकत हवी ती फाइल शोधतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, सगळं चिपमध्ये साठवलेलं. काटा सरकण्याचा वेळच जात नाही, म्हणून तोच लॅपटॉप पळायला लागतो. शिवाय फिरणारा भाग नसल्यामुळे हादऱ्याची भीतीही कमी.

पण वेगापेक्षा मोठी गोष्ट पुढेच निघाली. डिस्कची तब्येत सांगणारा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. तो चालवला तर पिवळ्या रंगात 'कॉशन' असं आलं. तबकडीवरच्या काही जागा वाचता येईनाशा झाल्या होत्या. नुसती हळू चालणारी डिस्क आणि मरायला टेकलेली डिस्क यांत फरक आहे. त्या डिस्कवर मंडळाचे अकरा वर्षांचे हिशेब होते. आणि आमच्या सासूबाईंचा आवाज होता. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणायचो. २०१६ साली त्यांच्याकडून भक्तामर म्हणून घेतलं होतं, लोणच्याचं प्रमाण, सणाचे रिवाज, माहेरच्या गोष्टी, असं सगळं मिळून तेवीस फायली. आक्का आता नाहीत. हिशेब पासबुकावरून परत मांडता आला असता, तो आवाज कुठून आणणार?

म्हणून डिस्क बदलायच्या आधी दोन संध्याकाळी फक्त नक्कल करायचं काम केलं, तेही क्रमाने. आधी आक्कांचा आवाज, मग हिशेब, मग फोटो. बाकीचं राहिलं तरी चालेल. तेवीसपैकी बावीस फायली उतरल्या. एक काही केल्या वाचली जाईना. शेवटी ती नणंदेच्या जुन्या फोनात सापडली, कारण रेकॉर्ड केली त्याच दिवशी तिला पाठवलेली होती.

त्या रात्री मला षट्खंडागमाची आठवण झाली. धवला टीकेच्या ताडपत्रांवरच्या प्रती शतकानुशतकं एकट्या मूडबिद्रीत सांभाळून ठेवलेल्या होत्या. एकच गाव, एकच भांडार. पुढे त्यांच्या नकला झाल्या, हिरालाल जैन यांनी संपादन केलं आणि १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला, तेव्हा कुठे तो ग्रंथ सर्वांच्या हाती आला. ताडपत्र काय, तबकडी काय, चिप काय, झिजणारच. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असली तरच वस्तू टिकते. एसएसडी घेतली म्हणून ही काळजी संपत नाही. ती बिघडते तेव्हा बरेचदा आधी कुरकुरसुद्धा करत नाही. आणि वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवली तर तिच्यातलं पुसट होऊ शकतं.

आता मुख्य मुद्दा, कोणती एसएसडी घ्यायची. कुकरची रिंग आणायला गेलो की आपण कंपनी सांगतो, लिटर सांगतो, झाकण आतलं की बाहेरचं ते सांगतो. नुसतं दिसायला तेवढीच रिंग आणली तर ती बसते, पण वाफ धरत नाही. एसएसडीचं अगदी तसंच आहे. ढोबळमानाने तीन प्रकार बघायला मिळतात.

पहिला, अडीच इंची साटा. जुन्या हार्ड डिस्कच्याच आकाराची चपटी डबी, तिच्याच जागी बसणारी. वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत.

दुसरा, एम.२ आकाराची साटा. च्युइंगगमच्या पट्टीएवढी. तिच्यावर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. वेग पहिलीएवढाच.

तिसरा, एम.२ आकाराचीच, पण एनव्हीएमई. हिची बोलण्याची भाषाच वेगळी. वेग सेकंदाला तीन हजार एमबी आणि त्याच्याही वर.

घोटाळा होतो तो दुसऱ्या-तिसऱ्यात. दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. पण काही लॅपटॉपची खाच फक्त साटा ओळखते, काहींची फक्त एनव्हीएमई, काहींना दोन्ही चालतात. वरून बघून ते कळत नाही.

आमच्या लॅपटॉपमध्ये अशी एक खाच रिकामी होती. राजारामपुरीतल्या एका दुकानात मुलाने खात्रीने सांगितलं, "काकी, २०१८ नंतरच्या सगळ्यांना एनव्हीएमई चालते." मी म्हटलं, "चालत असेल तर उत्तमच. पण बिलावर लिहा, चालली नाही तर सात दिवसांत बदलून मिळेल." त्याने हसत हसत लिहिलं. पट्टी खाचेत नीट बसली, स्क्रूसुद्धा लागला, पण लॅपटॉपला ती दिसेना. विंडोजमध्ये नाही, डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाही, बायोसमध्येही नाही.

इथे एक लक्षात ठेवा. नवी डिस्क 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही म्हणून घाबरायचं नाही. कोरी डिस्क तिथे दिसतच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिची आखणी केली की मग दिसते. पण बायोसमध्येच नसेल तर मामला वेगळा. मग बहुधा दोन शक्यता असतात, पट्टी खराब किंवा खाच न जुळणारी. त्या मुलाने तीच पट्टी दुकानातल्या दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघितली. लगेच दिसली. म्हणजे पट्टी चांगली होती. घरी येऊन मी लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून सर्व्हिस मॅन्युअल उतरवलं. त्यात त्या खाचेपुढे स्वच्छ लिहिलं होतं, फक्त साटा.

एम.२ साटा आता दुकानांत फारशी मिळत नाही. मग सरळ अडीच इंची साटा घेतली, ५०० जीबीची, आणि जुन्या डिस्कच्याच जागी बसवून घेतली. बिलावरच्या त्या एका ओळीमुळे बदलून देताना वाद झाला नाही.

विंडोज नव्याने घालून घेतलं. जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवता येते, पण डिस्कच आजारी असेल तर ते काम मध्येच अडकतं, आणि वर्षानुवर्षांचा कचराही सोबत येतो. विंडोजचा परवाना लॅपटॉपच्या मदरबोर्डाशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली म्हणून तो परत विकत घ्यावा लागत नाही. नक्कल उतरवूनही लॅपटॉप सुरू होत नसेल, तर बायोसमध्ये 'लेगसी' आहे की 'युईएफआय' ते बघायला सांगा. जुनी डिस्क एका पद्धतीची आणि नवी दुसऱ्या पद्धतीने मांडलेली असली की असं होतं. आणि डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर हात लावण्याआधी त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवा.

आता हिशेब. एसएसडी ३,४०० रुपये, बसवणावळ ५००, आणि जुनी डिस्क बाहेरून जोडायची डबी ३५०. एकूण ४,२५०. नवीन घेतला असता तर ५५,०००. चालू व्हायला सात-आठ मिनिटं लागायची, आता वीस सेकंद.

पण प्रत्येक लॅपटॉपवर हा खर्च करावा असं मी म्हणणार नाही. विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आमचा नेमका आठव्या पिढीचा, म्हणून निभावलं. त्याहून जुना असेल तर बँकेच्या कामासाठी त्यावर विसंबू नका. मेमरी चार जीबीच असेल तर एसएसडी घालूनही मन भरणार नाही.

जुनी डिस्क आजारी आहे, तिच्यावर नवीन काही ठेवायचं नाही. सगळं उतरल्याची खात्री झाली की ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. तिच्यावर आपली खाती असतात, आधार-पॅनच्या प्रती असतात. पुसून, मग ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रातच द्या. उघड्यावर जाळलेल्या सर्किटचा धूर शेवटी कुणाच्या तरी छातीत जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वस्तू असताना दुसरी घरात भरायची नाही हे लहानपणापासून ऐकत आलो. तिचं आयुष्य पुरेपूर वापरणं हा त्याचाच पुढचा भाग आहे.

दुकानात जाण्याआधी एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्या: लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, प्रोसेसरची पिढी, मेमरी किती, आणि आत्ताच्या डिस्कवर किती जीबी भरलंय. ज्यांना मॅन्युअल शोधायला जमणार नाही, त्यांनी पुढच्या बैठकीला लॅपटॉप घेऊनच या. आक्कांच्या आवाजातलं लोणच्याचं प्रमाण आता तीन ठिकाणी आहे, ज्यांना हवं त्यांनी तेही पेनड्राइव्हवर घेऊन जा.

जय जिनेंद्र.